लग्नाची तारीख, नोंदणीची तारीख आणि कॅनडाचा पीआर

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी मुलुंडची, वय २७, मुंबई विद्यापीठाची बी.ई. ओंटारिओत दोन वर्षांचा पोस्ट-ग्रॅज्युएट डिप्लोमा पूर्ण झाला आहे आणि आता तीन वर्षांच्या पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिटवर नोकरी चालू आहे. नोकरीचं एक वर्ष भरलं आहे आणि एक्सप्रेस एंट्रीत (गुणांवर पीआर, म्हणजे कायमचा रहिवास, देणारी कॅनडाची योजना) ‘सिंगल’ म्हणून प्रोफाइल टाकलेलं आहे. साखरपुडा उरकलाय, डिसेंबरात दादरला लग्न. मुलगा इंजिनिअर, गोरेगावात नोकरीला. घरच्यांचा सल्ला असा, ‘लग्न लावून घेऊ, नोंदणी पीआर आल्यावर करू. तोवर कागदोपत्री तू सिंगलच.’ हे चालेल का? लग्नाने परमिटवर काही परिणाम होतो का? नवऱ्याला तिकडे काम करता येईल का?

आधी सोपं ते. लग्नाने तुमच्या परमिटला धक्का लागत नाही. स्टडी परमिट असो वा वर्क परमिट, ते अभ्यासक्रमाच्या आणि मुदतीच्या अटींवर चालतं, वैवाहिक स्थितीवर नाही. लग्न झालं म्हणून ते रद्द होत नाही, आणि कॅनडाचा नागरिक नवरा मिळाला म्हणून आपोआप वाढतही नाही. लग्नानंतर जो कुठला फॉर्म भराल त्यात ‘विवाहित’ लिहायचं, एवढंच.

घरच्यांच्या सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग मात्र चालणार नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ चं कलम ७ म्हणतं की ज्या विधीत सप्तपदी आहे, तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. कलम ८ पुढे स्पष्ट करतं की नोंदणी केली नाही म्हणून विवाहाच्या वैधतेला बाध येत नाही. म्हणजे दादरच्या हॉलमध्ये होम झाला, सात पावलं चालून झाली, त्या क्षणी तुम्ही विवाहित. वॉर्ड ऑफिसमधलं प्रमाणपत्र हा त्या घटनेचा पुरावा. विवाह त्याच्यामुळे होत नाही. त्या प्रमाणपत्रावर दोन तारखा छापलेल्या असतात, एक विवाहाची आणि एक नोंदणीची. दोन वर्षांनी तुम्ही नवऱ्याला स्पॉन्सर करायला (हमी देऊन त्याच्यासाठी पीआर मागायला) जाल तेव्हा हाच कागद जोडाल आणि अधिकाऱ्याची नजर पहिल्या तारखेवर जाईल. ती तारीख पीआरच्या आधीची निघाली, की पुढचं सगळं त्या एका ओळीत ठरतं.

काय ठरतं? कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतलं ११७(९)(डी) हे कलम असं आहे: पीआर मिळताना जो जोडीदार अस्तित्वात होता पण ज्याची तपासणी झाली नाही, तो पुढे ‘फॅमिली क्लास’मध्ये, म्हणजे स्पॉन्सर करता येणाऱ्या कुटुंबीयांत, मोडत नाही. कायमचा. तपासणी म्हणजे त्याचं मेडिकल, त्याचा पोलीस दाखला, अर्जात त्याचं नाव. २०१९ च्या सप्टेंबरात यातून एक सवलत निघाली, पण ती निर्वासित म्हणून आलेल्यांना किंवा स्वतः कुटुंबीय म्हणून स्पॉन्सर होऊन आलेल्यांना. एक्सप्रेस एंट्रीवाल्यांना ती नाही. उरते फक्त मानवतेच्या आधारावरची विनंती, जिचा निकाल अधिकाऱ्याच्या विवेकावर असतो. आणि हे झालं नवऱ्याचं. तुमच्या बाजूने लपवलेलं लग्न म्हणजे चुकीची माहिती देणं. त्याला कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षांची बंदी आहे आणि मिळालेला पीआरही त्यात जाऊ शकतो.

एका दिवसाचा फरक किती मोठा असतो, हे पाहा. पीआर मंगळवारी मिळाला आणि लग्न बुधवारी लागलं, तर नवरा साध्या सरळ मार्गाने स्पॉन्सर होतो. लग्न सोमवारी लागलं आणि कळवलं नाही, तर दार बंद. म्हणून अर्ज चालू असताना मुहूर्त काढायला बसाल तेव्हा पंचांगाशेजारी अर्जाची स्थितीही उघडी ठेवा.

याच्या उलटा बेतही मुंबईत सर्रास होतो. ‘आधी कागदावर लग्न करून ठेवू, म्हणजे व्हिसाचं काम सुरू होईल. खरं लग्न पुढच्या वर्षी हॉल मिळाला की.’ यात दोन रस्ते आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न केलंत तर ते पूर्ण लग्न आहे. त्या दिवसापासून तुम्ही विवाहित, पुढच्या वर्षीचा हॉल हा केवळ समारंभ. फॉर्ममध्ये तारीख पहिलीच लिहायची. पण विधी न करताच हिंदू विवाह कायद्याखाली ‘नोंदणी’ करून घेतलीत, एखाद्या संस्थेचा दाखला आणून, तर तो कागद पोकळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये नेमकं हेच सांगितलं: विधी झालेलाच नसेल तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. परदेशी जाण्यासाठी आधी नोंदणी उरकण्याच्या या प्रथेचा उल्लेखही त्या निकालात आहे. कॅनडाचा नियम असा की लग्न जिथे झालं तिथल्या कायद्याने ते वैध हवं. इथेच ते पोकळ असेल तर तिकडेही पोकळ.

विशेष विवाह कायद्याचं वेळापत्रक सुट्टीवर येणाऱ्यांना चकवतं. दोघांपैकी एक जण नोटीस देण्याआधी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा, नोटिशीनंतर ३० दिवस थांबायचं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं. तुम्ही तीन आठवड्यांची रजा घेऊन उतरणार आणि मग नोटीस देणार असाल तर हिशोब बसत नाही. नोटीस मुलाच्या गोरेगावच्या पत्त्यावर, तुम्ही येण्याच्या किमान महिनाभर आधी लागली पाहिजे. धार्मिक विधीने लग्न करून महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात नोंदणी करणार असाल तर महाराष्ट्राचा १९९८ चा कायदा लागतो. लग्नानंतर ९० दिवसांत ज्ञापन द्यायचं, त्यावर तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. ही भटजींची सही सगळ्यात जास्त अडते. लग्नसराईत ते एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये पळत असतात. फॉर्म आधीच भरून हॉलवर घेऊन जा आणि दक्षिणेच्या वेळीच सही घ्या.

व्हिडिओ कॉलवर लग्न? ११ जून २०१५ पासून कॅनडा ते जोडीदाराच्या इमिग्रेशनसाठी मानत नाही. दोघंही प्रत्यक्ष हजर हवेत.

आता एक्सप्रेस एंट्रीच्या गुणांचं. ‘लग्न झालं की पॉइंट कमी होतात’ हे सगळ्यांना ठाऊक असतं, किती ते कुणी मांडून पाहत नाही. तुमच्याच आकड्यांनी पाहू. वय २७: सिंगलला ११०, जोडीदार सोबत असेल तर १००. शिक्षण, म्हणजे चार वर्षांची पदवी अधिक डिप्लोमा: १२८ आणि ११९. इंग्रजी चारही कौशल्यांत सीएलबी (कॅनडाचं भाषेच्या पातळीचं मोजमाप) ९, म्हणजे आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकण्यात ८ आणि बाकी तिन्हीत ७: १२४ आणि ११६. कॅनडातला एक वर्षाचा कुशल अनुभव: ४० आणि ३५. बेरीज सिंगल ४०२, विवाहित ३७०. बत्तीस गुण गेले. डिप्लोमाचे जादा गुण आणि शिक्षण-भाषेच्या जोडीचे गुण दोन्हीकडे सारखेच राहतात, म्हणून ते धरले नाहीत.

पण हे ३२ गुण परत मिळवायची जागा नवऱ्याच्या खात्यात आहे. त्याच्या पदवीचे ८. त्याने चारही कौशल्यांत सीएलबी ९ आणलं तर प्रत्येकी ५, म्हणजे २०. एकूण २८. तोटा उरला फक्त ४. सीएलबी ७ किंवा ८ आलं (आयईएलटीएसला चारही ठिकाणी ६ पुरतात) तर प्रत्येकी ३, म्हणजे १२, अधिक पदवीचे ८, एकूण २०, तोटा १२. आणि त्याने परीक्षाच दिली नाही, पदवीचं मूल्यांकन केलंच नाही, तर पूर्ण ३२ चा खड्डा. बहुतेक जोडपी या शेवटच्या ओळीत सापडतात. बायकोचा अर्ज आहे, आपण कशाला परीक्षा द्यायची, अशी नवरदेवाची समजूत असते.

या दोन्ही गोष्टी लग्नाआधी करता येतात, त्यांना विवाह प्रमाणपत्र लागत नाही. परीक्षेची तारीख लवकर मिळते. वेळ खातं ते पदवीचं मूल्यांकन, कारण विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्ट सीलबंद किंवा थेट मूल्यांकन संस्थेला पाठवावा लागतो. हॉलचा अॅडव्हान्स भराल त्याच आठवड्यात ट्रान्सक्रिप्टचा अर्जही टाका. भाषेचा निकाल दोन वर्षं आणि मूल्यांकन पाच वर्षं चालतं, त्यामुळे लवकर केलेलं वाया जात नाही.

वेळेचा खरा गुंता निमंत्रणाभोवती आहे, म्हणजे गुण पुरेसे असले की पीआरचा अर्ज भरायला जे बोलावणं येतं त्याच्याभोवती. लग्न निमंत्रण येण्याआधी झालं तर प्रोफाइल लगेच बदलायचं, गुण नव्याने मोजले जातात. निमंत्रण आलं आणि अर्ज भरण्याच्या ६० दिवसांच्या आत लग्न झालं तर पुन्हा गुण मोजून पाहा. नवा आकडा त्या फेरीच्या कटऑफखाली गेला तर निमंत्रण नाकारून पुन्हा पूलमध्ये (निमंत्रणाची वाट पाहणाऱ्या प्रोफाइलांत) जाणं हाच शहाणपणा, कारण अर्ज भरून फेटाळला गेला तर वेळ जातोच, शुल्काचे पैसेही अडकतात. कायदा गुणांची पात्रता दोन क्षणी पाहतो, निमंत्रण निघालं तेव्हा आणि अर्ज पोहोचला तेव्हा. अर्ज दाखल झाल्यानंतर लग्न झालं तर गुण पुन्हा मोजत नाहीत. पण कळवायचं मात्र तेव्हाही, तातडीने, वेबफॉर्ममधून: विवाह प्रमाणपत्र, नवऱ्याची माहिती असलेले सुधारित फॉर्म, त्याचं शुल्क. मग त्याचं मेडिकल आणि पोलीस दाखला मागवतात, अर्ज काही काळ लांबतो. सगळं मंजूर होऊन पीआरची शेवटची पुष्टी तेवढी राहिली असेल, तरी ती देण्याआधी लग्न झालं असेल तर सांगायलाच हवं. लोक बहुधा इथेच गडबड करतात, ‘आता तर झालंच आहे’ म्हणून.

तुमच्या बाबतीत मी काय सुचवेन? डिसेंबरच्या आत निमंत्रण येऊन अर्ज दाखल होत असेल तर आता सिंगल म्हणूनच भरा. साखरपुडा म्हणजे लग्न नाही, म्हणून ‘सिंगल’ लिहिणं पूर्ण खरं आहे. डिसेंबरात लग्न झालं की त्याला अर्जात जोडा. निमंत्रण नाही आलं तर लग्न करा, प्रोफाइल बदला, त्याच्या गुणांसह उभ्या राहा. लग्न पीआरच्या पलीकडे ढकलणं हा तिसरा पर्याय आहे. कायद्याने अगदी स्वच्छ, पण मग त्याच्यासाठी स्पॉन्सरशिपची वेगळी रांग.

‘नवरा सोबत येणार नाही’ असं लिहिलं की गुण सिंगलसारखेच मोजतात, हे खरं आहे. नवरा कॅनडाचा नागरिक किंवा पीआरधारक असेल तरीही तसंच. मात्र ‘सोबत नाही’ म्हणजे ‘तपासणी नाही’ असं नव्हे. त्याचं नाव, मेडिकल, पोलीस दाखला हे सगळं लागतंच, नाहीतर वरचं ११७(९)(डी) त्यालाही लागू. ऑगस्ट २०२५ पासून एक्सप्रेस एंट्रीत मेडिकल अर्जाआधीच करावं लागतं, सोबत न येणाऱ्या जोडीदाराचंसुद्धा. तेही मान्यताप्राप्त पॅनेल डॉक्टरकडेच, आपल्या फॅमिली डॉक्टरचं प्रमाणपत्र कामाचं नाही. आणखी एक. नवरा तुमच्यासोबत ब्रॅम्प्टनच्या बेसमेंटमध्ये एकाच भाडेकरारावर राहत असेल आणि अर्जात ‘सोबत नाही’ लिहिलं असेल, तर अधिकारी खुलासा मागतात आणि तो देणं जड जातं. तो मुंबईतच राहून नोकरी करणार असेल तेव्हाच हे लिहावं.

भाडेकरारावरून आठवलं. लग्न न करता दोघं सलग १२ महिने पतीपत्नीसारखे एकत्र राहिले असतील तर कॅनडाच्या लेखी ते ‘कॉमन-लॉ’ जोडीदार आहेत आणि तसं जाहीर करणं बंधनकारक आहे. गिरगावात आईबाबांना सांगितलेलं नसेल. इमिग्रेशनला सांगावं लागतं.

आता नवऱ्याच्या कामाचं. २१ जानेवारी २०२५ पासून नियम बराच आवळला. विद्यार्थ्याच्या जोडीदाराला ओपन वर्क परमिट (कुठल्याही मालकाकडे काम करायची परवानगी) मिळतं ते शिकणारी व्यक्ती १६ महिने किंवा जास्त मुदतीच्या मास्टर्सला, पीएचडीला किंवा ठरावीक व्यावसायिक पदवीला असेल तरच. कॉलेजच्या डिप्लोमावर आता नाही. तुम्ही विद्यार्थी राहिला नाहीत, वर्क परमिटवर आहात, म्हणून तुम्हाला दुसरी अट लागते. तुमची नोकरी टीईईआर (कामाला लागणाऱ्या शिक्षण-अनुभवावरून ठरणारी कॅनडाची श्रेणी) ० किंवा १ गटात हवी, किंवा २-३ मधल्या निवडक क्षेत्रांत, आणि नवऱ्याचा अर्ज जाईल त्या दिवशी तुमच्या परमिटचे किमान १६ महिने शिल्लक हवेत. परमिट तीन वर्षांचं, त्यातलं एक वर्ष गेलं. राहिले २४ महिने. म्हणजे आजपासून आठ महिन्यांत त्याचा अर्ज गेला पाहिजे, नवव्या महिन्यात खिडकी बंद. डिसेंबरला लग्न, मग हनिमून, मग ‘पाडव्यानंतर बघू’ असं केलंत तर हे आठ महिने कुठे गेले ते कळत नाही. ऑफर लेटरवरचं पद आणि प्रत्यक्ष कामाचा एनओसी (कॅनडाची व्यवसायांची यादी) कोड जुळतो का, हेही आत्ताच तपासा. टीईईआर त्या कोडवरून ठरतो. व्हिजिटिंग कार्डावर ‘मॅनेजर’ छापून काही होत नाही.

लग्न पीआरनंतर झालं तर स्पॉन्सरशिप. जोडीदारासाठी सहसा किमान उत्पन्नाची अट नसते. तीन वर्षांची आर्थिक हमी द्यावी लागते. पीआरधारकाने स्वतः कॅनडात राहत असताना अर्ज केला पाहिजे. नागरिकाला परत येण्याचा इरादा दाखवून बाहेरूनही करता येतो. लग्नानंतर दोन वर्षं एकत्र राहण्याची जुनी अट २०१७ मध्ये गेली, तरी तिची भीती अजून घातली जाते.

लग्न खरं आहे हे दाखवणं सगळ्यांनाच लागतं. कसोटी दुहेरी आहे: लग्न खरं नसेल तर नकार, किंवा मुख्य हेतू इमिग्रेशनचा असेल तरी नकार. दोन्हींपैकी एक पुरतं. अधिकारी फाइल वाचतो ती आपल्या चालीरीतींच्या हिशोबाने. ठरवून केलेल्या मराठी लग्नात साखरपुडा असतो, केळवणं होतात, हळद लागते, दोन्हीकडची माणसं असतात. फाइलमध्ये फक्त वरमाला घातलेले दोन फोटो आणि मागे कोणीच नाही, असं दिसलं की प्रश्न येतो: आईवडील कुठे आहेत? म्हणून फोटोग्राफरच्या अल्बममधले चाळीस पोझचे फोटो नकोत. केळवणाला मामाकडे पाटावर बसलेले दोघं, हळदीत आत्या, पंगतीत वाढणारे काका, असे पंधरा-वीस निवडा आणि प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण, कोण कोण ते लिहा. पत्रिका, हॉलची पावती, लग्नानंतरचे प्रवास, एकमेकांना पाठवलेले पैसे. लग्न नोंदणी पद्धतीने चार माणसांत केलं असेल तर त्याचं कारण स्वतःहून एका परिच्छेदात लिहा, मुलाखतीत विचारायची वाट पाहू नका. स्थळ कसं आलं, पहिली भेट कुठे झाली, हेही दोघांच्या उत्तरांत जुळलं पाहिजे. एकाने ‘विवाहसंस्थेतून’ आणि दुसऱ्याने ‘मावशीच्या ओळखीतून’ लिहिलं, तर दोन्ही खरं असूनही खटकतं.

नाव बदलायची घाई करू नका. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आडनावही बदलतं. तुमचा पासपोर्ट, आयईएलटीएस, पदवीचं मूल्यांकन, वर्क परमिट सगळं माहेरच्या नावावर आहे. मध्येच पासपोर्ट नव्या नावाने काढलात तर प्रत्येक कागदाची सांगड घालत बसावं लागेल. कॅनडा नाव बदलायला सांगत नाही, भारताचा कायदाही नाही. पीआर हातात आल्यावर हवं तर बदला. ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नवं नाव तांदळातच राहिलं असेल तर सोडून द्या, पण ते बँकेत किंवा आधारवर कुठे लागलं असेल तर फॉर्ममधल्या ‘इतर नावे’ या रकान्यात लिहा.

डिसेंबरच्या प्रवासाबद्दल. वर्क परमिट म्हणजे प्रवेशाचा व्हिसा नाही. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसाची तारीख उलटली असेल तर लग्न करून टोरोंटोला परतता येणार नाही, आधी नवा व्हिसा. तिकीट काढायच्या आधी ती तारीख पाहा. शक्य असेल तर कॅनडात असतानाच नूतनीकरणाचा अर्ज टाका, म्हणजे पासपोर्ट ऐन लग्नाच्या आठवड्यात व्हीएफएसच्या व्हिसा केंद्रात अडकून राहणार नाही. परतताना विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रत सोबत न्या आणि एक इथे नवऱ्याकडे ठेवा, त्याच्या वर्क परमिटच्या अर्जाला ती लागेल. प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र जोडा. भाषांतर घरातल्या कोणी केलेलं चालत नाही, मग ती व्यक्ती इंग्रजीची प्राध्यापक असली तरी. मंत्रालयातून अपॉस्टिल (परदेशात दाखवायच्या कागदावरचं सरकारी साक्षांकन) करून आणायला कोणी पैसे मागत असेल तर या अर्जासाठी त्याची गरज नाही.